घर बांधण्याआधी खर्चाची वाटणी मांडा



‘घर पहावे बांधून आणि लग्न पहावे करून’ ही म्हण आपल्या प्रत्येकाच्या तोंडी आहे. पण दोहोंत एक फरक आहे. लग्नाचा खर्च हाताबाहेर गेला तरी लग्न एकदाचे लागून जाते. घराचा पैसा संपला की घर जिथल्या तिथे थांबते. चोपडा तालुक्यातल्या कोणत्याही गावात चक्कर मारा, अशी थांबलेली दोन-चार घरे दिसतीलच. स्लॅब पडलेला असतो, खिडक्यांच्या जागी विटा रचलेल्या असतात, दाराला पत्रा नाहीतर बारदान लावलेले असते, आतून गिलावा नसतो आणि संडासाचा खड्डा खणून तसाच पडलेला असतो. मालकाला विचारले, ‘‘भाऊ, काय झालं?’’ तर तो म्हणतो, ‘‘अंदाज चुकला.’’

हा अंदाज नेमका कुठे चुकतो आणि तो चुकू नये म्हणून सभासदाने काय करावे, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत. उसाचे बिल हातात आले की पुष्कळ सभासद घराचे काम काढतात. वर्षा-दीड वर्षाच्या घामाचा तो पैसा असतो. तो स्लॅबपर्यंत येऊन संपू नये, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

चौरस फुटाचा दर कुठे कमी पडतो?

घर काढायचे म्हटले की आपण पहिला प्रश्न विचारतो, ‘‘चौरस फुटाला काय दर चाललाय?’’ मिस्त्री एक आकडा सांगतो. त्याला आपण घराच्या क्षेत्रफळाने गुणतो आणि झाला अंदाज! सुरुवातीला ढोबळ कल्पना यावी म्हणून हा आकडा ठीक आहे. पण त्या आकड्यात काय धरले आहे आणि काय धरलेले नाही, हे तो आकडा सांगत नाही. पाया किती खोल धरला? ओटा, जिना आणि गच्चीचा कठडा मोजला का? संडास, मोरी, शोषखड्डा, वीज, रंग त्यात आहे का? दर मालासह आहे की नुसत्या मजुरीचा? क्षेत्रफळ बाहेरून मोजायचे की आतून? भारतीय मानक ३८६१ मध्ये जोत्याचे क्षेत्र आणि आतले चटईक्षेत्र वेगवेगळे कसे मोजावे हे दिलेले आहे. तरीही व्यवहारात दोन माणसे एकाच घराची दोन क्षेत्रफळे सांगतात आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

उसाच्या बाबतीत आपण असे कधी करत नाही. एकरी खर्च किती, असे कोणी विचारले तर आपण नांगरट, सरी, बेणे, लागण, खते, पाणी, खुरपणी, बांधणी असा एकेक खर्च बोटावर मोजून सांगतो. यंदा बेणे महाग पडले, खतात थोडे वाचले, हेही लगेच कळते. शेतात जे आपल्या अंगवळणी पडले आहे, तेच घराला लावायचे. घराचीही अंगे पाडायची आणि प्रत्येक अंगाचा खर्च वेगळा मांडायचा. अभियंते याला ‘घटकवार खर्च’ म्हणतात.

कामवार हिशोब वेगळा, अंगवार हिशोब वेगळा

कोणी म्हणेल, ‘‘इंजिनिअरचे अंदाजपत्रक असतेच की!’’ असते, आणि ते अवश्य करून घ्यावे. पण ते बहुधा कामवार असते. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीप्रमाणे त्यात खोदकाम इतके घनमीटर, काँक्रीट इतके, वीटकाम इतके, सळई इतके किलो, गिलावा इतका, अशी कलमे असतात. मोजमाप करायला आणि ठेकेदाराचे बिल द्यायला हीच पद्धत योग्य आहे.

मात्र त्यातून छताला किती पैसे लागणार, हे सहज दिसत नाही. काँक्रीट पायात आहे, जोत्याच्या पट्ट्यात आहे, लिंटेलमध्ये आहे आणि स्लॅबमध्येही आहे. कामवार हिशोबात ते सगळे एका कलमात जाते. अंगवार हिशोबात छताचे काँक्रीट, छताची सळई, छताचे सेंट्रिंग आणि गच्चीचा उतार हे सगळे ‘छत’ या एका नावाखाली येते. घरमालकाला निर्णय घ्यायचा असतो तो छताविषयी. म्हणून त्याच्या उपयोगाचा हिशोब अंगवारच होय.

ही पद्धत पुढे कशी आली तेही पाहण्यासारखे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये एकदम हजारो मुलांसाठी शाळा बांधायची वेळ आली. पैसा आणि माल दोन्हीची टंचाई होती. तेव्हा तिथल्या शिक्षण मंत्रालयाने एका विद्यार्थ्याच्या जागेमागे अमुक इतकाच खर्च, अशी मर्यादा घालून दिली. मर्यादा आल्यावर प्रश्न पडला की ती पाया, भिंती, छत, खिडक्या यांत वाटायची कशी? हर्टफर्डशायर परगण्यातील शाळांच्या कामावरील आणि मंत्रालयातील वास्तुतज्ज्ञ व खर्चतज्ज्ञांनी मिळून ही वाटणी बसवली. जेम्स निस्बेट हे त्यांपैकी एक प्रमुख नाव. १९५१ साली मंत्रालयाने ‘बिल्डिंग बुलेटिन’ मालिकेच्या चौथ्या अंकात ही रीत प्रसिद्ध केली. १९६२ साली तिथल्या सर्वेक्षकांच्या संस्थेने इमारतींचे असे अंगवार खर्च गोळा करून सभासदांना पुरवणारे केंद्रच काढले. टंचाईच्या काळात, ठराविक पैशात काम पुरे करण्यासाठी ही पद्धत जन्माला आली. आपली गरज याहून वेगळी नाही.

एका घराची वाटणी

उदाहरण घेऊ. ८०० चौरस फुटांचे, एक मजली, विटांचे आणि स्लॅबचे घर आहे आणि हाताशी १२ लाख रुपये आहेत. खालचे आकडे रीत समजावी म्हणून आम्ही मांडले आहेत. प्रत्यक्ष दर गावागणिक आणि महिन्यागणिक बदलतात, ते आपापल्या गावचे घालावेत.

१. पाया व जोते – १,९२,००० (१०० रुपयांतले १६)
२. भिंती व लिंटेल – २,१६,००० (१८)
३. छत, म्हणजे स्लॅब, बीम, गच्ची, कठडा – २,७६,००० (२३)
४. दारे-खिडक्या – १,२०,००० (१०)
५. आतला-बाहेरचा गिलावा – १,०८,००० (९)
६. फरशी – ८४,००० (७)
७. रंग – ३६,००० (३)
८. नळ, मोरी, न्हाणी, संडास, शोषखड्डा – ७२,००० (६)
९. वीज – ३६,००० (३)
१०. राखीव – ६०,००० (५)
एकूण – १२,००,००० (१००)

आता पहिल्या तीन अंगांची बेरीज करा. ती होते ६,८४,०००, म्हणजे शंभरातले सत्तावन्न रुपये. स्लॅब पडला की गावाला पेढे वाटले जातात, पाहुणे म्हणतात ‘‘झालं बरं का घर!’’ आणि आपल्यालाही तसेच वाटते. पण वाटणी सांगते की अजून ५,१६,००० रुपये, म्हणजे शंभरातले त्रेचाळीस रुपये, खर्च व्हायचे आहेत. ज्याच्याजवळ मुळात ९ लाखच होते त्याचा स्लॅब थाटात पडतो. पुढच्या चार लाख छपन्न हजारांच्या कामाला मात्र त्याच्याकडे दोन लाख सोळा हजारच उरतात आणि राखीव तर काहीच उरत नाही. खिडकीत विटा रचायची वेळ येते ती इथे. ही वाटणी कुदळ मारण्याआधी कागदावर असती तर त्याने ८०० ऐवजी ६०० फुटांचे घर काढले असते आणि ते राहते झाले असते.

सरकारी घरकुलालाही हेच लागू आहे. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात मैदानी प्रदेशासाठी १ लाख २० हजार रुपये मदत ठरली आणि घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट धरले गेले. मदत कामाच्या टप्प्यांप्रमाणे हप्त्याने मिळते. ‘एक खोली वाढवून घेऊ’ म्हणून जोते मोठे काढले की पाया, भिंती, छत ही तिन्ही अंगे एकदम फुगतात आणि हप्ता आहे तेवढाच राहतो. वाढीव खोलीचा पैसा वेगळा हातात असेल तरच जोते वाढवावे.

पाया : आपल्या जमिनीचा गुण

आपल्या तालुक्यात सर्वांत जास्त बदलणारे अंग म्हणजे पाया. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी, लासूर-सत्रासेनच्या बाजूला, डोंगरातून वाहून आलेले गोटे, खडे आणि वाळू यांचा थर आहे. दक्षिणेला निमगव्हाण, बुधगावकडे तापीकाठी गेलो की तापीने आणलेला गाळ काही ठिकाणी शेकडो फूट जाडीचा सापडतो आणि वर काळी माती. केळी-कापसाला सोन्यासारखी असलेली ही काळी माती घराला मात्र त्रास देते. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. हीच हालचाल पायाखाली झाली की भिंतीला तिरप्या चिरा जातात.

म्हणून पाया काळ्या मातीच्या हालत्या थरातून खाली, मुरमावर किंवा घट्ट पिवळ्या मातीवर न्यावा लागतो. याचा पैशात अर्थ काय होतो ते बघा. आपल्या उदाहरणातील घराच्या आतल्या-बाहेरच्या भिंतींची लांबी १८० फूट धरू. चर ३ फूट रुंद आणि ४ फूट खोल घेतला तर खोदाई २,१६० घनफूट, म्हणजे २१.६ ब्रास होते. हाच चर ८ फूट न्यावा लागला तर ४३.२ ब्रास. खोदाई दुप्पट, आणि जेवढे खोदले तेवढे पुन्हा दगड, मुरूम, काँक्रीटने भरून वर यायचे. मिस्त्रीने चौरस फुटाचा दर सांगताना चार फूटच धरलेले असतात. घर तेच, क्षेत्रफळ तेच, पण पायाचे अंग कुठल्या कुठे जाते.

काळी माती फार खोल असेल तर चर खोदत बसण्यापेक्षा दुसरा उपाय आहे. रूरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी खाली फुगा असलेले खांब, म्हणजे ‘अंडर-रीम्ड पाईल’, यांची पद्धत आपल्या देशात रुजवली. भारतीय मानक २९११ च्या तिसऱ्या भागात तिचे नियम आहेत. गिरमिटासारख्या हत्याराने जमिनीत साधारण साडेतीन मीटर किंवा त्याहून खोल भोक पाडतात, तळाशी ते रुंद करतात, सळई टाकून काँक्रीट भरतात आणि वरून पट्टा बांधून त्यावर भिंत घेतात. ऋतूंचा परिणाम जिथे पोचत नाही त्या थरात खांब घट्ट बसतो. कोणता पाया स्वस्त पडेल, हे आधी पाहिलेले बरे. आठ फुटी चराचा खर्च आणि पाईलचा खर्च, दोन्ही आकडे अभियंत्याकडून समोरासमोर मांडून घ्यावेत.

जमिनीची माहिती काढायला आपल्यासारखे जाणकार दुसरे नाहीत. शेजारच्या विहिरीला कितव्या फुटावर मुरूम लागला, हे गावात कोणीही सांगेल. तरीही जागेवर एक चाचणी खड्डा घ्यावाच. एका खड्ड्याची मजुरी ती काय, आणि तिच्यामुळे वाटणीतला सर्वांत अनिश्चित आकडा निश्चित होतो.

भिंती : आकार आणि उंची

गल्लीतल्या जागा लांबट असतात. क्षेत्रफळ ८०० चौरस फूटच धरा. २५ बाय ३२ च्या घराला बाहेरची भिंत ११४ फूट लागते, २० बाय ४० ला १२० फूट, १६ बाय ५० ला १३२ फूट आणि १० बाय ८० च्या बोळासारख्या घराला १८० फूट! म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या घरात १८ फूट भिंतीचा फरक पडला. १० फूट उंचीने ती १८० चौरस फूट भिंत झाली, आणि नऊ इंची असेल तर १.३५ ब्रास वीटकाम. शिवाय तेवढाच पाया, तेवढाच गिलावा आणि तेवढाच रंग जास्त. चौरस फुटाचा दर मात्र सगळ्या घरांना एकच सांगितला जातो. जागा मिळते तशी घ्यावी लागते हे खरे, पण नव्या वसाहतीत प्लॉट निवडायची मोकळीक असेल तेव्हा हे ध्यानात ठेवावे.

उंचीचेही तसेच. १८० फूट लांबीच्या भिंती एक फुटाने उंच केल्या की पुन्हा तेवढेच १.३५ ब्रास वीटकाम आणि दोन्ही बाजूंचा ३६० चौरस फूट गिलावा वाढतो. उन्हाळ्यात जळगावचा पारा ४५ अंशांवर जातो म्हणून उंच घर हवे असे वाटणे साहजिक आहे. पण गरम हवा बाहेर जायला वर झरोके ठेवले आणि गच्ची पांढरी केली तर तो फूट वाचूनही घर राहण्याजोगे होते.

विटांत बचत करायची असेल तर केरळात काम केलेले वास्तुतज्ज्ञ लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी रूढ केलेली पोकळ रचना, ‘रॅट-ट्रॅप’, गवंड्याला माहीत असल्यास विचारावी. विटा आडव्या न ठेवता काठावर उभ्या लावतात आणि मध्ये पोकळी राहते. विटा सुमारे २५ टक्के कमी लागतात आणि पोकळीमुळे उष्णताही कमी आत येते. मात्र गवंडी सरावाचा हवा. नवशिक्याच्या हाती दिल्यास वाचलेला पैसा दुरुस्तीत जाईल.

छत : सर्वांत जड अंग

आपल्या खान्देशात पूर्वी घर धाब्याचे असे. लाकडी खांब, त्यावर सर, कड्या आणि किलचन, वर मातीचा जाड थर, आणि दर पावसाळ्यापूर्वी खारी माती टाकायची. घर किती मोठे, तर किती खणांचे, असे सांगत. दोन खांबांमधला एक खण म्हणजे ठराविक लाकूड, ठराविक माती आणि ठराविक मजुरी. बघा, जुन्या लोकांनी घराचे माप छताच्या अंगावरूनच बांधले होते! धाब्याचे घर उन्हाळ्यात गार राही, पण दरवर्षीची खारी आणि वाळवी हा त्याचा कायमचा खर्च होता. शिवाय मातीचे छत फार जड. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या भिंती आणि जड छते कोसळून हजारो माणसे गेली, हे आपण विसरता कामा नये. तापीचे खोरेही भूकंपाच्या दृष्टीने अगदी निर्धास्त नाही.

आता स्लॅबचा हिशोब. ८०० चौरस फुटांवर ५ इंची स्लॅब म्हणजे ३३३ घनफूट, सुमारे ९.४ घनमीटर काँक्रीट. एकास दीडास तीन या प्रमाणाने घनमीटरला साधारण ८ पोती सिमेंट लागते, म्हणजे एकूण ७५ पोती. ‘मजबूत होऊ द्या’ म्हणून मालकाने स्लॅब ६ इंची करायला सांगितला तर पोती ९० होतात आणि बीम-भिंतींवर पावणेपाच टन वजन नाहक वाढते. स्लॅबची मजबुती सळईची जागा, काँक्रीटचे प्रमाण, कमी पाणी आणि पुढे निदान दोन आठवडे मारलेले पाणी यांतून येते. जाडी किती लागते ते अभियंत्याला ठरवू द्यावे. जिथे इंच वाढवला तिथे पंधरा पोती गेली, एवढे मात्र आपण लक्षात ठेवावे.

पत्र्याचे छत पहिल्या खर्चाला स्वस्त पडते. पण उकाडा, वादळात उडण्याची भीती आणि पुढे वर मजला चढवता न येणे, हेही त्याच्या खात्यावर लिहिले पाहिजे. प्रत्येक अंगाचा पहिला खर्च आणि पुढचा खर्च असे दोन रकाने ठेवले तर निवड सोपी होते.

उरलेली अंगे

दारे-खिडक्यांत जुन्या घरातील सागवानाचा चांगला उपयोग होतो. जुने घर पाडताना चौकटी जपून काढल्या तर या अंगात मोठी बचत होते. फरशी आणि रंग ही अंगे मागाहून वाढवता येतात. आज साधी फरशी, पुढच्या हंगामात बरी, असे चालते. पण संडास, न्हाणी आणि सांडपाणी हे अंग मागे टाकू नये. घरातल्या बायामाणसांचा त्रास त्यातच असतो आणि फरशी झाल्यावर नळ्या टाकायच्या म्हणजे केलेले काम फोडणे आले. विजेच्या नळ्याही स्लॅबआधी आणि गिलाव्याआधीच टाकून घ्याव्यात.

अंग वाढले तर काय करावे?

वाटणी केली म्हणजे प्रत्येक आकडा खरा ठरेल असे नाही. वाटणीचा खरा फायदा असा की एक अंग वाढले की त्याच दिवशी कळते. समजा पाया १,९२,००० ऐवजी २,७२,००० ला गेला. ८०,००० वाढले. राखीव ६०,००० तिथेच संपले आणि २०,००० कमी पडले. आता भिंती उभ्या राहण्याआधीच घरात बसून ठरवा. खोलीची उंची अर्धा फूट कमी करायची, बाहेरचा गिलावा पुढच्या वर्षी करायचा, की दोन खिडक्यांची एक करायची? निर्णय घ्यायला त्या वेळी जागा असते. स्लॅब पडल्यावर तो घ्यायला बसलो तर कापायला दारे आणि संडासच उरतात.

एक पथ्य मात्र पाळावे. पाया, स्लॅबची सळई आणि सिमेंटचे प्रमाण यांत काटकसर करू नये. ही अंगे झाकली जातात आणि पुन्हा उघडता येत नाहीत. दिसणाऱ्या अंगांत काटकसर करावी, कारण ती पुढे सुधारता येते.

सभासद म्हणूनही हा हिशोब यावा

आपण घरमालक आहोत तसेच कारखान्याचे मालकही आहोत. संस्थेची इमारत, गोदाम, विश्रामगृह अशी कामे वार्षिक सभेपुढे येतात तेव्हा आपण एकूण रक्कम ऐकून हात वर करतो. त्या वेळी अंगवार वाटणी मागण्याचा प्रघात पडला पाहिजे.

साखरेच्या गोदामाचे पाहा. त्याला खोल्या नाहीत, न्हाणी नाही, दारे थोडी. त्याचा पैसा जमिनीत आणि छतात जातो, आणि तो जायलाच हवा. साखर ओल ओढते, म्हणून खालून दमटपणा येणार नाही अशी जमीन आणि न गळणारे छत हीच त्याची मुख्य अंगे. गोदामाच्या खर्चात दर्शनी भागाचा आकडा फुगलेला आणि जमिनीचा आकडा बारीक दिसला तर सभासदाने उठून विचारावे. गोदामाचे माप चौरस फुटाने करण्यापेक्षा एक क्विंटल साखर साठवायला किती रुपये पडले, असे करावे. इंग्लंडात शाळेचे माप विद्यार्थ्याच्या जागेने केले ते याच विचाराने. कारखान्याची क्षमता आपण दिवसाला किती टन गाळप यावर मोजतो, मग त्याच्या इमारती वेगळ्या का मोजायच्या?

थोडक्यात

घर काढणाऱ्या सभासदाने एवढे करावे :

१. हातात येणारा पैसा आधी लिहावा. मिळालेले बिल, शिल्लक आणि मंजूर झालेले कर्ज एवढेच त्यात धरावे. पुढच्या हंगामाच्या उसावर आज घर बांधू नये.
२. जागेवर चाचणी खड्डा घ्यावा.
३. अभियंत्याकडून नकाशा आणि अंदाजपत्रक करून घ्यावे व त्याच कागदावर खर्च दहा अंगांत वाटून मागावा.
४. शंभरातले निदान पाच रुपये राखीव ठेवावेत. जमीन काळी असेल तर दहा.
५. ठेकेदाराशी बोलताना प्रत्येक अंगात काय आहे आणि काय नाही, हे लिहून दोघांनी सही करावी.
६. साध्या वहीत प्रत्येक अंगाला एक पान द्यावे. सिमेंटचे पोते आले की ते कोणत्या अंगात गेले, तिथे लिहावे.
७. एक अंग पुरे झाले की वाटणी आणि खर्च शेजारी मांडावेत व पुढच्या अंगाची रक्कम त्याप्रमाणे सुधारावी.

ही वही घर झाल्यावर टाकून देऊ नये. भावाने, शेजाऱ्याने घर काढले की त्याला दाखवावी. तुमच्या गावच्या मातीत पाया कितीला पडला, हे तुमच्या वहीइतके नेमके कोणत्याही दरसूचीत सापडणार नाही. अशा दहा-वीस वह्या तालुक्यात झाल्या तर पुढच्या माणसाला ‘चौरस फुटाला काय दर?’ एवढेच विचारून काम काढावे लागणार नाही.

आखाजीला कुदळ मारायचा विचार असेल तर वहीची पहिली दहा पाने आत्ताच आखून घ्या.